ट्रिगर इतका जड का? बंदूककार पॉल माउझरची गोष्ट

एरवी मी तुमच्यासाठी ॲप, बॅटरी, प्रोसेसर असल्या विषयांवर लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण शेवटपर्यंत वाचलात तर तो तुमच्या मोबाइलच्या स्क्रीनपर्यंत कसा येऊन पोचतो ते कळेल.

झालं असं, की माझा मावसभाऊ अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरी करतो. तिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे, हंगाम ठरलेला असतो, परवाना मिळतो. ऑफिसातल्या लोकांबरोबर जायचं म्हणून त्याने नवी कोरी रायफल घेतली. आठवड्याभरात त्याचा फोन आला. म्हणाला, ट्रिगर भयंकर आहे रे! दाबतोय, दाबतोय, सुटतच नाही, मग अचानक सुटतो आणि गोळी भलतीकडेच जाते. त्याने एक व्हिडिओही पाठवला. त्यात एक माणूस घरच्या घरी कानस घेऊन ट्रिगरचा आतला भाग घासत होता. भावाचा प्रश्न साधा होता: तू इंजिनिअर आहेस ना, मग हे करू का?

मी आयुष्यात ट्रिगर दाबला तो फक्त कॉलेजात, एनसीसीच्या पॉइंट टू टू रायफलचा. त्यामुळे लगेच उत्तर दिलं नाही. थांब म्हटलं आणि वाचायला बसलो. फॅक्टरीतून येणारा ट्रिगर मुद्दाम जड का ठेवतात, हे शोधता शोधता मी पोचलो जर्मनीतल्या एका छोट्या गावात आणि एका माणसापाशी. त्याचं नाव पेटर पॉल माउझर. आज जगात बोल्ट फिरवून चालवायच्या ज्या शिकारी रायफली विकल्या जातात, त्यांतल्या बहुतेकींची वंशावळ कुठे ना कुठे याच माणसापर्यंत जाते.

बारा वर्षांचा कामगार

पॉलचा जन्म २७ जून १८३८ चा. गाव ओबर्नडॉर्फ, नेकार नदीच्या काठी. तेव्हा आजचा जर्मनी देश अस्तित्वात नव्हता. हे गाव व्युर्टेमबर्ग नावाच्या राज्यात होतं आणि तिथल्या राजाचा बंदुकांचा कारखाना याच गावात होता. वडील त्या कारखान्यात बंदूककार. घरात तेरा मुलं, पॉल सगळ्यात धाकटा. वयाच्या बाराव्या वर्षी तोही कारखान्यात लागला. आपल्याकडे लोहाराचा मुलगा भात्यापाशी बसून शिकायचा, तसंच हे. इंजिनिअरिंगची पदवी नाही, कॉलेज नाही. हातात कानस, समोर पोलाद आणि बघत बघत शिकायचं.

१८५९ मध्ये त्याला सक्तीची लष्करी सेवा करावी लागली. तोफखान्यात भरती झाला आणि लुडविग्सबुर्गच्या शस्त्रागारात बंदूककार म्हणून कामाला लागला. तिथे हत्यारं नुसती बनवायची नव्हती, तर बिघडलेली समोर यायची. कुठला भाग झिजतो, कुठे माती अडकते, शिपाई घाईत काय चुकतो, हे सगळं दिसायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा पोरगा सपोर्टच्या टीममध्ये बसला होता. आणि प्रॉडक्ट खरं कसं वापरलं जातं, हे तिथे बसल्यावर जितकं कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही.

सुईच्या बंदुकीतला दोष

त्या काळात प्रशियाच्या सैन्याकडे ड्रायझेची सुईवाली बंदूक होती. कागदी काडतूस मागून घालायचं, बोल्ट बंद करायचा आणि चाप ओढला की एक लांब सुई दारूतून आरपार जाऊन आतली टोपी पेटवायची. त्या काळच्या मानाने फार पुढची वस्तू. पण मागच्या सांध्यातून गरम वायू बाहेर यायचा, आणि सुई दर वेळी हाताने वेगळी मागे ओढावी लागायची.

पॉल आणि त्याचा थोरला भाऊ विल्हेल्म यांनी यावर काम सुरू केलं. पॉलने अशी रचना केली, की बोल्टची मूठ फिरवली की त्याच हालचालीत सुईची स्प्रिंग आपोआप ताणली जाईल. शिपायाची एक कृती वाचली. पुढे कागदी काडतुसाच्या जागी पितळी काडतूस आलं आणि वायू गळण्याचा प्रश्नही आटोक्यात आला.

पण चांगली वस्तू बनवणं वेगळं आणि ती विकणं वेगळं. प्रशिया आणि व्युर्टेमबर्ग, दोघांनीही सुरुवातीला दाद दिली नाही. रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीचा एजंट सॅम्युअल नॉरिस याने मात्र रस दाखवला. त्याच्या भरवशावर १८६७ मध्ये दोघे भाऊ बेल्जियममधल्या लिएज शहरात गेले. १८६८ मध्ये अमेरिकेत पेटंटही मिळालं, त्यावर माउझर बंधूंबरोबर नॉरिसचंही नाव होतं. नंतर तो करार फिसकटला. पॉल गावी परतला आणि पुन्हा कामाला लागला.

शेवटी प्रशियाने रायफल तपासली. डिसेंबर १८७१ मध्ये पसंतीही मिळाली, पण एक अट घातली गेली: सुरक्षेचा खटका आणखी सुधारून द्या. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे. तो बदल झाला आणि फेब्रुवारी १८७२ मध्ये ११ मिलिमीटरची मॉडेल ७१ रायफल सैन्यात दाखल झाली. गंमत म्हणजे रायफली बनवायचं मोठं काम सरकारी कारखान्यांकडे गेलं आणि माउझर बंधूंच्या वाट्याला सुरुवातीला नेम धरायच्या पट्ट्या बनवायचं किरकोळ काम आलं. त्यातच १८७३ मध्ये त्यांच्या नव्या कारखान्याला आग लागली. तरी ते उभे राहिले. १८७४ मध्ये बँकेच्या मदतीने त्यांनी राजाचा तोच जुना कारखाना विकत घेतला, जिथे वडिलांनी नोकरी केली होती आणि पॉल बारा वर्षांचा असताना कामाला लागला होता. एक लाख रायफलींची ऑर्डरही मिळाली.

भावाभावांची कामं वाटलेली होती. विल्हेल्म व्यवहार बघायचा, पॉल यंत्र. १८८२ मध्ये विल्हेल्म वारला. दोन वर्षांत कंपनी भागधारकांची झाली आणि १८८७ अखेर बहुतेक शेअर बर्लिनच्या लुडविग ल्योवे कंपनीकडे गेले. पॉलचं नाव पाटीवर राहिलं, मालकी गेली. तो मात्र तिथेच काम करत राहिला.

१८९८ ची रायफल

आता मुख्य गोष्ट. १८८९ मध्ये बेल्जियमसाठी, १८९३ मध्ये स्पेनसाठी, अशी दर काही वर्षांनी माउझरची नवी आवृत्ती येत गेली. प्रत्येक वेळी मागच्या आवृत्तीतले दोष काढलेले असायचे. पत्र्याच्या क्लिपमधून पाच काडतुसं एका झटक्यात भरता येऊ लागली. काडतुसाची कड पकडणारा एक लांब पंजा आला, त्यामुळे घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्धवट मागेपुढे केला तरी दोन काडतुसं एकदम अडकत नाहीत. पिसाळलेलं रानडुक्कर अंगावर येत असताना हा पंजा जीव वाचवतो, म्हणून शिकारी लोक आजही त्याच्यावर खूश असतात.

५ एप्रिल १८९८ ला जर्मन सैन्याने मॉडेल ९८ स्वीकारलं. त्यात बोल्टला मागच्या बाजूला एक जास्तीचा तिसरा दात होता. पुढचे दोन दगा देतील तर हा थांबवेल. काडतूस फुटलंच तर गरम वायू तोंडावर न येता दुसरीकडे जावा म्हणून बोल्टला भोकं होती आणि मागे रुंद कड होती. प्रत्येक ठिकाणी एकच विचार: हे बिघडलं तर काय होईल?

आणि याच रायफलीचा ट्रिगर शिकाऱ्यांना खटकतो.

ट्रिगर वाईट आहे म्हणजे नक्की काय?

रायफलीच्या आत काय होतं ते आधी बघू. बोल्टमधली फायरिंग पिन ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावायला टपलेली असते. तिच्या शेपटीला एक छोटा पोलादी अडसर धरून ठेवतो. त्याला सिअर म्हणतात. तुम्ही ट्रिगर दाबता तेव्हा खरं तर एवढंच करता, की हा अडसर खाली सरकवता. तो पूर्ण सरकला की पिन सुटते.

ट्रिगरबद्दलच्या तक्रारी साधारण चार असतात. एक, वजन: तो दाबायला फार जोर लागतो. दोन, सरकणं: तो खरखरत, अडखळत सरकतो, नक्की कधी सुटणार ते कळत नाही. तीन, सुटल्यावरही बोट पुढे धावतं. चार, दर वेळी वेगळा वागतो.

याचा नेमावर किती परिणाम होतो? मॉडेल ९८ ची लांबी सव्वा मीटर आणि वजन सुमारे ४ किलो. ट्रिगरला अडीच-तीन किलोचा जोर लागत असेल, तर चार किलोची वस्तू हलू न देता बोटाने तेवढं ओढायचं आहे. दस्ता खांद्याला टेकलेला आहे आणि नळीचं टोक फक्त १ मिलिमीटर हललं असं धरा. १०० मीटरवर नेम सुमारे ८ सेंटीमीटर चुकतो. कागदाच्या लक्ष्यावर हे चालून जाईल. हरणाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की ते जागच्या जागी मरण्याऐवजी जखमी होऊन जंगलात पळतं आणि तासन्‌तास तडफडतं. म्हणून चांगला शिकारी ट्रिगरबद्दल चोखंदळ असतो, ती नुसती हौस नसते.

मग माउझरला हे कळत नव्हतं का? नक्कीच कळत होतं. पण त्याचं गिऱ्हाईक होतं सैन्य. रायफल चिखलात पडणार, थंडीत बोटं बधिर होणार, शेजारी दुसरा शिपाई असणार, धावताना दस्ता दगडावर आपटणार. अशा वेळी अडसर खोलवर अडकलेला हवा. खोल अडसर म्हणजे लांब ट्रिगर. यावरचा तोडगा म्हणजे दोन टप्प्यांचा ट्रिगर. ट्रिगरच्या डोक्यावर दोन उंचवटे असतात. पहिल्या उंचवट्यावर ट्रिगर हलका आणि लांब सरकतो आणि अडसर बराचसा खाली येतो. मग दुसरा उंचवटा टेकतो आणि बोटाला स्पष्ट जाणवतं, की आता थांबा, इथून पुढे गोळी. त्या जागी विचार बदलला आणि बोट सोडलं, तर स्प्रिंग अडसराला परत पूर्ण वर ढकलते. रायफल पहिल्याइतकीच सुरक्षित.

मला हे वाचून फार आवडलं. ज्याला लोक वाईट ट्रिगर म्हणतात, तो दुसऱ्या माणसासाठी, दुसऱ्या कामासाठी विचारपूर्वक बनवलेला होता.

शिकाऱ्यांसाठी वेगळं उत्तर

ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात याच यंत्रावर शिकारी रायफलीही बनत. त्यांच्यातल्या अनेकींवर एकामागे एक असे दोन ट्रिगर असायचे. ही युक्ती जर्मन नेमबाजांत जुनीच होती. फक्त पुढचा ट्रिगर दाबला तर तो नेहमीसारखा जड. पण आधी मागचा दाबला, तर आत एक छोटा हातोडा स्प्रिंगवर ताणला जातो आणि पुढचा ट्रिगर एकदम हलका होतो. मग नुसत्या स्पर्शाने तो हातोडा सुटतो आणि अडसरावर आदळून त्याला खाली पाडतो. किती हलका हवा, ते दोन ट्रिगरच्या मधल्या स्क्रूने ठरवायचं.

म्हणजे डीफॉल्ट सेटिंग जड. हलकं हवं असेल तर माणसाने जाणूनबुजून एक जास्तीची कृती करायची, तीही नेम धरून झाल्यावर.

माउझरचं यंत्र आपल्या देशातही आलं. लंडनची जॉन रिग्बी कंपनी ते घेऊन आपल्या रायफली बनवायची. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा त्याला भेट मिळालेली पॉइंट २७५ रिग्बी ही माउझरच्याच यंत्रावरची होती. तिचं काडतूसही माउझरचंच सात मिलिमीटरचं, इंग्रजांनी फक्त नाव बदललं. अमेरिकेने १९०३ मध्ये आपल्या सैन्यासाठी स्प्रिंगफिल्ड रायफल बनवली, तीही माउझरशी इतकी मिळतीजुळती निघाली, की अमेरिकन सरकारला पेटंटपोटी माउझर कंपनीला दोन लाख डॉलर मोजावे लागले.

एक डोळा आणि एक हिशेब

१९०१ मध्ये पॉल आपोआप भरणाऱ्या रायफलीचा नमुना स्वतः चाचणीला घेऊन बसला होता. वय साठीच्या पुढे, जगभर नाव झालेलं, तो जर्मन संसदेचा सदस्यही होता. तरी चाचणी स्वतःच करायचा. त्या चाचणीत अपघात झाला आणि त्याचा डावा डोळा गेला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडावर वायू येऊ नये म्हणून धडपड केली, त्याला आपल्याच नमुन्याने जखमी केलं. त्यानंतरही त्याने काम सोडलं नाही. १९१२ मध्ये राजाने त्याला सरदारकीचा किताब दिला. २९ मे १९१४ ला ओबर्नडॉर्फमध्येच त्याचं निधन झालं.

दोन महिन्यांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि मॉडेल ९८ लाखो हातांत गेली. कुशल कारागीर म्हणून मला या माणसाबद्दल आदर वाटतो, पण त्याची वस्तू कशासाठी वापरली गेली हे विसरून हा लेख लिहिता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आपल्या इतिहासातही माउझर आहे, पिस्तूल म्हणून. ते पिस्तूल त्याच्या कारखान्यातल्या फेडरले बंधूंनी तयार केलं होतं. पॉल वारला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंगाली क्रांतिकारकांनी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीची ५० माउझर पिस्तुलं पळवली. पुढे ९ ऑगस्ट १९२५ ला काकोरीजवळ रेल्वेतला सरकारी खजिना लुटला गेला, तेव्हाही क्रांतिकारकांकडे माउझर होती. कुणाला मारायचा बेत नव्हता. पण एका तरुणाच्या हातून चाप ओढला गेला आणि एक निरपराध प्रवासी ठार झाला. लुटीच्या खटल्याला खुनाचा आरोप जोडला गेला आणि डिसेंबर १९२७ मध्ये चौघे फासावर गेले. इंग्रज सरकारने एरवी काय केलं असतं ते सांगता येत नाही. पण नको त्या क्षणी पडलेलं बोटाचं वजन किती मोठं असू शकतं, ते यातून कळतं.

तर भावाला काय सांगितलं?

आधी माझी एक चूक कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी मी एका पैशांच्या ॲपवर काम करत होतो. पैसे पाठवायला बटण बाजूला सरकवावं लागायचं. लोकांची तक्रार होती, की हे जड जातं, वेळ लागतो. मी ते काढून साधं एका टॅपचं बटण केलं. सगळ्यांनी कौतुक केलं. महिन्याभरात तक्रारी येऊ लागल्या. लोकलच्या गर्दीत धक्का लागून पैसे गेले, लहान मुलाच्या हातून गेले. एका गृहस्थांचे मुलीच्या फीचे पैसे भलत्याच खात्यात गेले आणि परत मिळायला कित्येक दिवस लागले. त्यांचा आवाज मला अजून आठवतो. मी ते सरकवणं परत आणलं आणि छोट्या रकमांसाठी, ज्याला हवं त्याने स्वतः चालू करायची, अशी एक टॅपची सोय दिली. हे दोन ट्रिगरचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच ओबर्नडॉर्फमध्ये मिळत होतं, ते मला आत्ता कळलं.

म्हणून भावाला सांगितलं: कानस खाली ठेव. अडसराच्या टोकावर कडक केलेल्या पोलादाचा पातळ थर असतो. तो घासला, कोन थोडा बिघडला, की ट्रिगर आज छान हलका वाटेल आणि उद्या दस्ता आपटला की आपोआप सुटेल. आधी रायफलीचं माहितीपुस्तक वाच, आणि परवानाधारक बंदूक कारागिराकडे जा.

तो गेला. कारागिराने काट्याने मोजलं, ट्रिगर सव्वातीन किलोवर सुटत होता. त्याने तो काढून शिकारीसाठी बनवलेला, दीड किलोचा तयार ट्रिगर बसवला. मग रिकामी रायफल ताणून तिचा दस्ता रबरी चटईवर आपटून पाहिला, बोल्ट जोरात मारून पाहिला, सुरक्षेचा खटका पुन्हा पुन्हा चालू-बंद केला. एकदाही सुटली नाही, तेव्हाच भावाच्या हातात दिली. वर सल्ला दिला, की अजून हलका मागू नकोस, थंडीत हातमोजे घातल्यावर बोटाला काही कळणार नाही.

भारतात मात्र हा प्रयोग कुणी डोक्यातही आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि बंदुकीशी छेडछाड केली तर शस्त्र कायदा आहेच.

आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच. पुढच्या वेळी एखादं ॲप विचारेल, खात्री आहे का, किंवा एखादं बटण जास्त वेळ दाबून धरावं लागेल, तेव्हा वैतागण्याआधी क्षणभर थांबा. कुणीतरी तुमच्या सगळ्यात वाईट क्षणाचा विचार करून ते जड ठेवलेलं असू शकतं. आणि तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल तर ते हलकं करण्याआधी एकदा विचारा: हे कुणासाठी, का जड ठेवलं होतं?

भेटू पुढच्या लेखात. तोवर काळजी घ्या, आणि पैसे पाठवताना नाव वाचून घ्या!